बोट खरी होती

बोट खरी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाव खरे, ४५ फुटांची लांबी खरी, चार केबिन खऱ्या, पुढच्या बाजूला पाण्यावर ताणलेली लोळायची जाळीसुद्धा खरी. खोटा होता तो फक्त ती आम्हाला भाड्याने देणारा माणूस. आम्ही चार महिने बोटीची चौकशी करत राहिलो आणि त्याची एकदाही केली नाही. त्यात १०,४८० युरो गेले, तेव्हाच्या भावाने जवळपास पावणेदहा लाख रुपये.

बाबांची पंच्याहत्तरी जून २०२५ मध्ये होती. बाबा माझगाव डॉकमध्ये ३४ वर्षे फिटर होते. जहाजांच्या पोटात शिरून आयुष्य काढले, पण जहाजावर एक रात्र झोपले नाहीत. धाकटा भाऊ नेदरलँड्समधल्या आयंधोवेनला असतो. त्याच्या डोक्यातून निघाले की हॉल, केटरर, पंच्याहत्तर दिवे हे सगळे सोडून बाबांना आठवडाभर समुद्रावर न्यायचे. आई-बाबा, आम्ही तिघे, ते तिघे, असे आठ जण.

बेट ठरले ग्रीसचे कॉर्फू. एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस झोडपतो. त्या मानाने कॉर्फूच्या बाजूचा आयोनियन समुद्र सौम्य. अंतरेही लहान. गुव्हियाच्या मरीनातून, म्हणजे बोटींच्या बंदरातून, निघायचे, उत्तरेला कासिओपी, मग खाली पॅक्सोस, त्याच्याही खाली चिमुकले अँटिपॅक्सोस. उत्तरेच्या टप्प्यात समोर अल्बानियाचे डोंगर. आईसाठी कॉर्फूचे जुने शहर होते, १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात असलेले.

या धंद्याची रीत थोडक्यात सांगतो, कारण फसवणारा नेमका तीच वापरतो. बोटी शनिवार ते शनिवार जातात. संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते, पुढच्या शनिवारी सकाळी नऊला सोडायची. चालवायचा परवाना असेल तर नुसती बोट घ्या, नसेल तर सोबत स्किपर, म्हणजे बोट चालवणारा. बोटीचा मालक एक, ती मरीनात सांभाळणारी कंपनी दुसरी आणि गिऱ्हाईक आणणारे दलाल तिसरेच. एकच बोट दहा दलालांच्या पानांवर त्याच फोटोंसह दिसते आणि त्यात काही वावगे नसते. हीच फट आहे. अकरावा कोणी येऊन बसला तर ओळखायचे कसे?

स्किपर धरून आम्हाला ९,८०० आणि १०,२०० युरो असे दोन भाव आले होते. आम्हाला फसवणाऱ्या या दलालाने सांगितले ८,६००. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी तिथेच थांबलो असतो. पण बारा-पंधरा टक्के कमी हा भाव मोहात पाडतो, संशयात नाही. वर मी घासाघीस केली. दोनशे युरो कमी करताना गृहस्थाने इतके आढेवेढे घेतले, ‘मालकाला विचारून सांगतो’ म्हणून दोन दिवस लावले, की मला वाटले मीच त्याला गंडवला.

आम्ही अगदीच भोळे होतो असेही नाही. जहाजे आत्ता कुठे आहेत ते दाखवणाऱ्या संकेतस्थळावर भावाने बोट शोधली. होती, गुव्हियातच. बाबांनी डॉकमधल्या सवयीने विचारले, “नोंदणीचा कागद मागितलास का?” मागितला. दुसऱ्या दिवशी आला, बोटीच्या नावाशी तंतोतंत जुळणारा. दलालाच्या कंपनीचे नाव शोधले तर ती अथेन्समधली जुनी, नावाजलेली कंपनी निघाली. या शोधाने उलट आमची खात्री पटली. फरक एवढाच होता की खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळाच्या नावात दोन शब्दांमध्ये आडवी रेघ नव्हती, आणि आम्हाला ज्या पत्त्यावरून मेल येत होते त्यात होती. एक आडवी रेघ! बाकी रंग, बोधचिन्ह, कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो, सगळे जसेच्या तसे उचललेले.

फेब्रुवारीत निम्मा विसार भरायचा होता, ४,२०० युरो. खात्याचा क्रमांक आला तो ‘एलटी’ या अक्षरांनी सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियातल्या खात्याचा. ग्रीसमधल्या खात्याचा क्रमांक ‘जीआर’ने सुरू होतो. बायको लगेच म्हणाली, “बोट ग्रीसची, कंपनी ग्रीसची, मग पैसे लिथुआनियात कशाला?” मी तिला युरोपातल्या ऑनलाइन बँका, एकच चलन वगैरे विषयांवर दहा मिनिटे व्याख्यान दिले. दलालाला विचारले तेव्हा तो म्हणाला, ग्रीक खात्याचे ऑडिट चालू आहे. पुण्यातल्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना तिथल्या बाईंनीही विचारले, “ओळखीचे आहेत ना?” मी हो म्हणालो. बोट ओळखीची झाली होती ना!

मार्चमध्ये मेल आला की उरलेली रक्कम आत्ताच भरलीत तर एकूण भाड्यावर ५ टक्के सूट. ४२० युरो वाचवायला ३,७८० पाठवले. एप्रिलमध्ये बोटीच्या नुकसानीपोटी २,५०० युरोंचे परत मिळणारे डिपॉझिट मागितले, आणि बंदर पोलिसांना द्यायच्या यादीसाठी आठही जणांच्या पासपोर्टच्या प्रती. अशी यादी ग्रीसमध्ये खरोखरच लागते, त्यामुळे शंका आली नाही. डिपॉझिट मात्र साधारणपणे बोट ताब्यात घेताना मरीनातच कार्डावर घेतात. हे मला नंतर कळले. तेव्हा निमूटपणे भरले. व्हिसाच्या अर्जालाही दलालाने दिलेले बोटीचे करारपत्र जोडले होते. व्हिसा मिळाला तेव्हा मी घरी म्हणालो, “बघा, वकिलातीने पण मानलं.” वकिलातीचा काय संबंध?

मेच्या अखेरीस विमानतळावरून घ्यायला कोणी येईल का, असे विचारले. उत्तर नाही. सहा दिवस झाले. फोनवर तो नेहमी दुसऱ्या घंटेला ‘हॅलो’ म्हणायचा. आता फोन बंद. शेवटी भावाने बोटीचे फोटो मोठे करून पाहिले. मागच्या बाजूला ती सांभाळणाऱ्या कंपनीचे नाव रंगवलेले होते. त्यांचा नंबर स्वतः शोधून फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की त्या आठवड्यासाठी बोट एका जर्मन कुटुंबाला दिलेली आहे, आमचे नाव त्यांच्याकडे कुठेच नाही, आणि अथेन्सच्या त्या कंपनीकडूनही आमच्यासाठी कधी विचारणा आलेली नाही. फोन चार मिनिटांचा होता. तो जानेवारीत केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. मेलच्या खाली दिलेल्या नंबरावर नव्हे, स्वतः शोधलेल्या नंबरावर मरीनातल्या कंपनीला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या: या आठवड्याला बोट आमच्या नावावर धरली आहे का, आणि हा दलाल तुमच्या बोटी विकतो का.

पुढचे लवकर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. भारतातल्या खात्यात पैसे गेले असतील आणि काही तासांत कळवले तर ते गोठवता येतात. आमचे पैसे परदेशात जाऊन महिने लोटले होते. बँकेने स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून, रक्कम परत मागवली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की खात्यात शिल्लक नाही. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी नाव आणि खाते जुळते का हे बँकेला दाखवावे लागते. पण ते तिथल्या तिथे पाठवलेल्या युरोंपुरते. पुण्याहून स्विफ्टने गेलेल्या पैशांना त्याचा उपयोग नाही. विसार क्रेडिट कार्डावर भरला असता तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती. तो कार्ड घेतच नव्हता, ‘तीन टक्के जादा पडतील, तुमचेच नुकसान’ म्हणायचा. माझ्या नुकसानीची इतकी काळजी दुसऱ्या कोणी केलेली नाही. आणि पैशांपेक्षा मला अजून सलतात ते आठ पासपोर्ट. त्यात माझ्या मुलीचाही आहे.

बाबांना सांगायचे काम भावाने माझ्यावर टाकले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बोट आहे ना पण तिथे?”

विमानाची तिकिटे परत होत नव्हती, म्हणून गेलो. जुन्या शहराजवळ दोन खोल्या घेतल्या, पर्यटकांच्या गर्दीतून एक दिवस पॅक्सोस-अँटिपॅक्सोसची फेरी केली. शनिवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, गुव्हियाला जाऊ. मला जायचे नव्हते. मरीनाशेजारी व्हेनिसच्या काळातल्या जहाजगोदीचे अवशेष आहेत, छप्पर गेलेल्या दगडी कमानी एकीपुढे एक. बाबा त्यात बराच वेळ फिरले, पावलांनी रुंदी मोजली, एवढ्या जागेत केवढे जहाज मावेल याचा हिशेब मांडला. मग आम्ही धक्क्यावर गेलो. बोट होतीच. जर्मन कुटुंब पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे चढवत होते, दोन मुले जाळीवर उड्या मारत होती. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

बाबा वाकून बोटीची कड पाहत होते. शेजारची बोट आणि ही, दोन्हींच्या मध्ये टांगलेला फेंडर, म्हणजे धक्के झेलणारी फुगीर उशी, फार खाली गेला होता. त्यांनी स्किपरला हाक मारली आणि हातानेच खूण केली, वर घे, घासेल. स्किपरने पाहिले, दोर सोडून फेंडर हातभर वर घेतला, पुन्हा गाठ मारली आणि अंगठा दाखवला. बाबांनी गाठ नीट बसली की नाही ते पाहिले आणि म्हणाले, “चला.”