जुन्या ट्रॅक्टरला डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह: एका वर्कशॉपचे काम
लिफ्टपुरतेच हायड्रॉलिक असलेल्या आमच्या जुन्या ट्रॅक्टरला पलटी नांगर जोडायचा होता. तालुक्याच्या गावातील वर्कशॉपने पंपाचा दाब आधी गेजवर मोजला, मगच डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह (सिलिंडरला दोन्ही बाजूंनी तेलाचा दाब देणारा) बसवला आणि तेलाची परतीची लाईन थेट हाऊसिंगमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरचे तेल साठते त्या पेटीत, सोडली. त्यामुळे नांगर आता दोन्ही बाजूंना विनासायास पलटतो. ट्रॉलीचा जॅकही याच हाऊसिंगमधले तेल ओढतो, म्हणून ट्रॉली पूर्ण उचललेली असताना पंपाला तेल कमी पडणार नाही एवढी पातळी राखावी लागते, हे त्यांनी न विचारता समजावून सांगितले. होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, चांगले दिले. क्विक कपलरची (होज झटकन जोडायच्या-काढायच्या तोंडांची) रबरी टोपणे मात्र दिली नाहीत, आणि नांगरटीच्या मातीत ही काटकसर व्हॉल्व्हच्या मुळावर येते. ती मी बाहेरून घेतली.