बॉल पायथनची अंडी द्यावीत की पिल्ले? ठाण्यातल्या पाळणाऱ्यासाठी तुलना

बॉल पायथन या आफ्रिकेतल्या बिनविषारी, लहान अजगराची मादी एका वेळी साधारण चार ते आठ अंडी घालते, आणि घोडबंदर रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात लगेच जागेचा प्रश्न उभा राहतो. ती दोन महिने उबवून पिल्लांना वेगवेगळ्या डब्यांत वाढवायचे, की फलित अंडीच दुसऱ्या पाळणाऱ्याला विकून मोकळे व्हायचे? माझे मत पिल्लांच्या बाजूने आहे, पण अंडी विकू पाहणाऱ्याची अडचणही खरी आहे, म्हणून दोन्ही मार्ग नीट तपासायला हवेत.

कायदा दोन्हीकडे सारखाच आहे. ही प्रजाती साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूची ४ मध्ये, म्हणजे साइट्समधल्या प्रजातींच्या यादीत, आली आहे. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर तिची नोंद करावी लागते. जन्म आणि हस्तांतरणही कळवावे लागते. अंडे म्हणजे अजून प्राणी नव्हे, असे म्हणून सुटका होत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येतच प्राण्यामध्ये त्याची अंडी धरलेली आहेत. देशी अजगर किंवा घोरपड यांच्याबाबत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्या अंड्यांना हात लावणे शिकारीच्या व्याख्येत बसते.

खरा फरक प्रवासात पडतो. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंच्या पिळदार धाग्यांनी तोललेला असतो, म्हणून ते फिरवले तरी चालते. सापाच्या अंड्यात तशी सोय नसते. घातल्यानंतर एक-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो आणि त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावू शकतो. पाळणारे वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात ती याचसाठी. काही वर्षांपूर्वी एका परिचिताने कळव्याहून खारघरला मोटारीने नेलेली सहा अंडी मी पाहिली होती. डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज) नीट दाबलेले होते, तरी दोन अंड्यांवरच्या खुणा बाजूला वळलेल्या होत्या. आठवड्याने अंधारात टॉर्च लावून पाहिले तेव्हा त्या दोन्हींत लाल शिरांचे जाळे विरून पिवळट धुरकटपणा उरला होता. ही तासाभराची, जपून केलेली वाहतूक होती. कुरिअरच्या गोदामात फेकल्या जाणाऱ्या खोक्यात खुणा वर राहतील, अशी आशा कोणी कशाच्या जोरावर धरावी? शिवाय बहुतेक कुरिअर सजीव वस्तू स्वीकारतच नाहीत, त्यामुळे पाठवणाऱ्याला खोक्यावर खोटे लिहावे लागते, आणि तिथेच हा व्यवहार माझ्या दृष्टीने संपतो.

उष्णतेचेही तसेच आहे. ही अंडी ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला उबतात. थोडा वेळ गारवा ती सोसतात, पण पस्तिशीच्या वर गर्भ फार टिकत नाही, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तेवढे तापमान सहज होते. घरी उबवणाऱ्याचीही यातून सुटका नाही: साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही, त्यामुळे खोलीच ३४ अंशांवर गेली तर थर्मोस्टॅट निरुपयोगी ठरतो. उन्हाळ्यात एसीची आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर चालेल अशा बॅटरीची सोय नसेल, तर जोडी लावूच नये.

नैतिक बाजू मला याहून जड वाटते. अंडे विकणारा आपली जोखीम घेणाऱ्याच्या गळ्यात घालतो. पिल्लू निरोगी आहे का, वाकडे आहे का, अंड्यातून दिसत नाही. ‘स्पायडर’ मॉर्फमध्ये (रंग-नक्षीच्या एका पैदास केलेल्या प्रकारात) डोके डुगडुगण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो, तो पिल्लू बाहेर आल्यावरच कळतो. पिल्लाची पहिली कात पडून त्याने तीन-चार वेळा उंदीर खाल्ला की त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे काही सांगता येते. त्याला कदाचित तीन महिने जातात, डबे, वीज आणि गोठवलेल्या उंदरांचा खर्च होतो, आणि काही पिल्ले आठवडेच्या आठवडे तोंड लावत नाहीत. हा सारा भार ज्याने जोडी लावली त्याचाच आहे.

भार पेलणार नसेल तर अंडी घातल्याच्या दिवशीच, गर्भ पूर्ण घडण्याच्या बराच आधी, डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत. ऐकायला कठोर वाटते, पण पाचव्या आठवड्यात कुरिअरच्या खोक्यात अंड्यातच गुदमरणाऱ्या, बऱ्यापैकी घडलेल्या पिल्लापेक्षा यात त्रास कमी आहे. पुढच्या हंगामात नर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावा.