नॉर्दर्न लाइट्स: काही महिने घरात मुरल्यावर

फिलिप पुलमन यांचं 'नॉर्दर्न लाइट्स' (अमेरिकेत हेच 'द गोल्डन कंपास' नावानं आलं, पुस्तक एकच आहे, चुकून दोन्ही घेऊ नका) पावसाळ्यात घेतलं, आधी मी वाचलं, मग लेकीला रात्री झोपताना वाचून दाखवलं, आता ती आपली आपण परत वाचतेय. १९९५ चं पुस्तक आहे, कार्नेगी मेडल (ब्रिटनमधलं मुलांच्या पुस्तकांसाठीचं पारितोषिक) मिळालेलं.

लायरा ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजात विद्वानांच्यात वाढलेली उनाड पोरगी. तिच्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर सोबत वावरतो, त्याला डीमन म्हणतात. मुलांचे डीमन घडीत पतंग, घडीत मांजर, मोठं झालं की एकच रूप कायमचं. तर पोरं गायब व्हायला लागतात, लायराचा दोस्त रॉजरपण जातो आणि ही त्याला शोधत थेट उत्तरेच्या बर्फात.

आता भीतीचं. बरेच पालक विचारतात की दहा-अकरा वर्षांच्या मुलांना झेपेल का. त्या मुलांचं नेमकं काय करतात ते टोनी नावाच्या पोरापाशी कळतं, त्याचा डीमन त्याच्यापासून कापून काढलेला असतो आणि तो एकटा एका शेडमध्ये सुका मासा छातीशी धरून बसलेला असतो, डीमनच्या जागी. पुढे तो मरतो, आणि कुणीतरी तो मासा कुत्र्यांना टाकलेला असतो, तेव्हा लायरा जी भडकते ना! मग एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरून त्याच्या तोंडात ठेवते. इथे माझा आवाज फुटेना, लेक पण गप्प, पण दुसऱ्या दिवशी तिनेच पुस्तक आणून हातात दिलं. हा भाग गाळून वाचू नका प्लीज, लायराला एवढा राग कशाचा आहे ते इथेच कळतं.

आणि लायरा गोड गुणी मुलगी नाही हे मला फार आवडलं. बिनधास्त थापा मारते. अस्वलांच्या राजाला, इओफरला, डीमन हवा असतो हे हेरून ती त्याला अशी काही लोणकढी थाप मारते की तो स्वतःहून इओरेकशी, म्हणजे लायराच्या दोस्त अस्वलाशी, लढायला तयार होतो. ते द्वंद्व आमच्याकडे परत परत वाचलं जातं.

सुरुवात संथ आहे, कॉलेजातलं राजकारण आणि 'डस्ट' नावाच्या गूढ कणांची चर्चा मुलांना कंटाळवाणी वाटू शकते, तिथे सोबत बसून वाचा, बोटीवरच्या जिप्शन लोकांपर्यंत पोचलात की पुस्तक धावतं. २००७ च्या सिनेमावरून मत बनवू नका, त्यात पुस्तकाचा खरा शेवटच नाहीये. तो शेवट जबरदस्त घाव घालतो, म्हणून पुढचा भाग, 'द सटल नाइफ', आधीच आणून ठेवा, आमच्याकडे तो यायला आठवडा लागला आणि तेवढे दिवस रोज रात्री रॉजरचाच विषय.