भारत-जर्मनी पेन्शन करार, पीएफचं कव्हरेज सर्टिफिकेट आणि जर्मन पेन्शन खातं: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते. पीएफ ऑफिसचं कव्हरेज सर्टिफिकेट (इथे पीएफ भरला जातोय, म्हणून तिकडे पेन्शनचे पैसे कापू नका असा दाखला), पाचपैकी चार. जर्मन पेन्शन संस्था म्हणजे डॉइच रेंटनफरझिखरुंग, त्यांची परदेशात राहणाऱ्यांसाठीची सेवा, साडेचार. आणि ह्या दोघांना जोडणारा जो करार २०१७ ला नव्याने लागू झाला त्याला पूर्ण पाच, कारण तो नसता तर माझी जर्मनीतली आणि इथली वर्षं एकमेकांना कधी जोडलीच गेली नसती.

माझी केस थोडक्यात. पुण्यातल्या कंपनीने स्टुटगार्टला पाठवलं, नंतर तिथेच दुसऱ्या कंपनीत लोकल कॉन्ट्रॅक्ट घेतलं, आणि लोकलची पाच वर्षं भरायच्या आत घरच्या कारणामुळे परत आले. त्यामुळे कंपनीने पाठवलेला माणूस आणि स्वतःहून तिथे नोकरी धरलेला माणूस, दोन्ही प्रकार अंगावरून गेलेत. पुण्यातून जर्मनीला जाणारे इतके झालेत की प्रत्येक सोसायटीत एखादं घर सापडेल, पण ऑफिसात चर्चा व्हिसा, घरभाडं आणि बालवाडीची, पेन्शनबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

तर सर्टिफिकेट. कंपनी तुम्हाला पाठवते तेव्हा इथला पीएफ चालू राहतो, १२ टक्के तुमचे आणि १२ कंपनीचे. तिकडे जर्मनीत पेन्शनचे १८.६ टक्के जातात, अर्धे तुमचे अर्धे मालकाचे, म्हणजे पगारातून ९.३. सर्टिफिकेट नसेल तर दोन्हीकडे कात्री लागते. ते असेल तर जर्मनीतलं पेन्शन आणि बेरोजगारी विम्याचं कापणं थांबतं, ४८ महिन्यांपर्यंत, आणि परवानगी काढली तर आणखी १२ महिने. बाकीच्या बऱ्याच देशांशी असलेल्या करारात ही मुदत ६० महिने आहे. अर्ज ईपीएफओच्या साईटवर ऑनलाईन भरायचा, प्रिंट काढायची, कंपनीची सही-शिक्का घ्यायचा आणि कंपनी ज्या पीएफ ऑफिसच्या हद्दीत येते तिथे द्यायचा. माझ्या वेळी पीएफ ऑफिसकडून काही त्रास नाही झाला, अडलं ते आमच्या तेव्हाच्या कंपनीच्या एचआरमध्ये, सही करणारा माणूस रजेवर, मग फाईल कोणाच्या टेबलावर आहे तेच कोणाला माहीत नाही, आणि तोवर माझ्या पगारातून दोन्ही देशांत पैसे कापले जात होते. नंतर ते सरळ झालं, पण तेवढा काळ नवीन शहरात भाडं-डिपॉझिट भरताना हात आखडला तो आखडलाच. म्हणून जाणाऱ्याने तिकीट काढायच्या आधी सर्टिफिकेटचा अर्ज टाकावा आणि एचआरच्या मागे लागावं, त्यात संकोच करू नये.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आरोग्य विमा ह्या करारात येत नाही. सर्टिफिकेट हातात आहे म्हणजे सगळ्यातून सुटका असं समजून जाणारे भेटलेत मला. हेल्थ इन्शुरन्सचं वेगळं बघावंच लागतं.

आता खरं बोलायचंय ते लोकल कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी, कारण जुना करार आणि नवा करार ह्यातला फरक सगळ्यात जास्त त्यांनाच पडलाय. जुना करार २००८ ला सही झालेला, २००९ पासून लागू, आणि तो फक्त कंपनीने पाठवलेल्या लोकांपुरता होता. जो तिथे जाऊन स्वतः नोकरी धरेल त्याच्यासाठी त्यात काहीच नव्हतं. नव्या करारावर सही झाली ऑक्टोबर २०११ ला आणि लागू झाला १ मे २०१७ ला, म्हणजे सही झाल्यावर साडेपाच वर्षं गेली, हे मात्र फार झालं. पण आला तो चांगला आला. दोन्ही देशांतली वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरायची आणि पेन्शन भारतात राहूनही घेता यायची, हे दोन्ही त्यात आहे. जर्मनीत पेन्शनचा हक्क मिळायला किमान पाच वर्षं लागतात, आपल्याकडे ईपीएसला, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेला, दहा. तिकडे चार वर्षं भरलेल्या माणसाची इथली पीएफची वर्षं धरून तिकडची अट पूर्ण होऊ शकते, आणि इथे सात-आठ वर्षं असलेल्याची तिकडची वर्षं धरून इथली. पैसे मात्र प्रत्येक देश आपल्याकडच्या वर्षांपुरतेच देतो, आणि ते बरोबरच आहे.

रेंटनफरझिखरुंगच्या सेवेबद्दल. पुण्यात आल्यावर मी खात्याचा उतारा मागवला, म्हणजे कोणत्या महिन्यात किती पगारावर पैसे भरले गेले त्याची पूर्ण यादी. पोस्टाने घरी आला. जर्मनमध्ये असतो, पण तक्ता इतका सरळ की महिना आणि रकमा वाचायला भाषा लागत नाही. त्यात माझी कंपनी बदलतानाचा मधला काळ दिसत नव्हता. मी मेल्डेबेशायनिगुंगच्या कॉपी पाठवल्या (दरवर्षी आणि नोकरी सोडताना मालक देतो तो कागद, साधा ए-फोर, बरेच जण रद्दीत टाकतात, कृपया टाकू नका) आणि दुरुस्त उतारा आला. फोनवर कोणी वसकन ओरडलं नाही, पत्रात काय पाठवायचं ते स्पष्ट लिहिलेलं, एक पैसा फी नाही. अर्धा मार्क कापलाय तो पत्रव्यवहाराच्या वेगासाठी आणि सगळी महत्त्वाची पत्रं जर्मनमध्येच येतात त्यासाठी.

बायकांसाठी एक खास गोष्ट. तिथला पेन्शन नंबर बारा खुणांचा असतो, त्यात जन्मतारीख असते आणि जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. म्हणजे लग्नानंतर नाव बदललं असलं तरी नंबरात माहेरचं अक्षर येतं. माझं तेच झालं, आणि इकडे यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) एक नाव, पासपोर्टवर दुसरं. दोन देशांतली वर्षं जोडायची वेळ येईल तेव्हा हे सगळे कागद एकाच बाईचे आहेत हे दाखवावं लागणार, तर लग्नाचा दाखला आणि पीएफमधलं नाव आत्ताच सरळ करून ठेवा.

मग सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, रिफंड घ्यायचा का. भारतीय नागरिक असाल, युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असाल, तिकडे भरलेलं ६० महिन्यांपेक्षा कमी असेल आणि शेवटचं भरून २४ महिने झाले असतील तर पैसे परत मागता येतात. फॉर्म व्ही ०९०१, त्यांच्याच साईटवर आहे. पण परत मिळतो तो फक्त तुमचा अर्धा भाग, मालकाचा अर्धा तिकडेच राहतो, व्याज नाही, आणि खातं कायमचं बंद, त्या वर्षांवर परत कधीही हक्क सांगता येत नाही. साठ महिने भरले की रिफंडचा रस्ता बंद, मग पेन्शनच.

आकडे मांडून बघा. तिथे पॉइंटची पद्धत आहे, सगळ्यांच्या सरासरीइतका पगार एक वर्ष असेल तर एक पॉइंट. २०२५ साठी ती सरासरी साधारण ५०,५०० युरो धरलीय, आणि १ जुलै २०२५ पासून एका पॉइंटला महिना ४०.७९ युरो. चार वर्षं सरासरी पगारावर काढली तर चार पॉइंट, म्हणजे ह्या दराने महिना १६३ युरो, वयाच्या ६७ पासून मरेपर्यंत. रिफंड घेतला तर ९.३ टक्क्यांनी चार वर्षांचे साधारण १८,८०० युरो एकरकमी. म्हणजे पेन्शन घेऊन साडेनऊ-पावणेदहा वर्षांत तेवढेच पैसे निघतात, आणि त्यात पॉइंटचा दर वाढत जातो तो धरलेलाच नाही, २०२४ ला तो ३९.३२ होता. तुलनेला आपल्या ईपीएसचं बघा, १५,००० च्या मर्यादेवर दहा वर्षं नोकरी म्हणजे महिना २,१४३ रुपये. मी रिफंड घेतला नाही. ज्याला घराचं कर्ज फेडायचंय किंवा घरात मोठं आजारपण आहे त्याने जरूर घ्यावा, त्याचेच पैसे आहेत, पण सगळे घेतायत म्हणून घेऊ नका.

आणि एजंट. परत आल्यावर मला एका एजंट कंपनीचे मेलवर मेल यायला लागले, रिफंड मिळवून देतो, रकमेचा अमुक टक्के द्या. त्यांच्या माणसाने फोनवर करारातून वर्षं जोडता येतात ह्याचा उल्लेखसुद्धा केला नाही, मी विचारल्यावर म्हणाला भारतात राहून ती पेन्शन मिळतच नाही. हे धडधडीत खोटं आहे. ह्या गोष्टीचा मला अजून राग आहे, कारण पंचविशी-तिशीतली पोरं घाईत सही करतात आणि पुढचे हक्क घालवून बसतात. फॉर्म स्वतः भरता येतो.

पेन्शन इथे खरंच येते का, तर येते. आमच्या ओळखीचे एक काका कोथरूडला राहतात, तरुणपणी जर्मनीत होते, त्यांना दर महिन्याला येते. वर्षातून एकदा डॉइच पोस्टच्या रेंटन सर्विसकडून हयातीचा फॉर्म येतो, ते बँकेत जाऊन शिक्का मारून आणतात आणि पाठवतात. आपल्या पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला असतो तसाच प्रकार.

जर्मनीचा करार नवा झाला म्हणून हे सगळं शक्य झालं, आणि म्हणूनच बाकीच्या देशांबद्दल वाईट वाटतं. अमेरिकेशी करारच नाही. तिथे पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के जातात, पेन्शनच्या हक्काला ४० क्रेडिट म्हणजे दहा वर्षं लागतात, आणि तिथला नोकरीचा एच-वन-बी व्हिसा साधारण सहा वर्षांचा. ग्रीन कार्डसाठी नंबर लागला नाही आणि माणूस परत आला तर ते पैसे तिथेच राहिले. किती वर्षं बोलणी चालू असल्याचं ऐकतोय आपण. ब्रिटनशी ६ मे २०२५ ला व्यापार कराराबरोबर घोषणा झाली की कंपनीने पाठवलेल्यांना तीन वर्षं दोनदा भरावं लागणार नाही. चांगलंच आहे, पण हा जर्मनीच्या २००८ वाल्या करारासारखाच आहे, पाठवलेल्यांपुरता, वर्षं जोडायची सोय त्यात नाही. लोकल नोकरीवाले पुन्हा बाहेर. आणि आखातात गेलेली आपली रत्नागिरी-चिपळूणची माणसं, त्यांना तर तिथल्या पेन्शनमध्ये जागाच नाही, नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते तेवढीच.

करार बदलला की आपल्या बाजूनेच बदलतो असंही नाही बरं का. नेदरलँड्सशी असलेल्या करारात बदल करायला आपल्या मंत्रिमंडळाने २०१७ ला मंजुरी दिली, त्यात लाभ घेणारा ज्या देशात राहतो तिथल्या राहणीमानाप्रमाणे काही लाभांची रक्कम ठरवायचं तत्त्व आलं. म्हणजे भारतात राहणाऱ्या वारसाला कमी. तिकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असलेल्यांनी हे वाचून ठेवा.

परत आलेल्यांनी ह्या महिन्यात दोन कामं करा. खात्याचा उतारा मागवा आणि जुन्या पत्त्यावर पत्र जाऊ नये म्हणून पुण्याचा पत्ता कळवा. आणि इथे नोकरी बदलताना ईपीएसचे पैसे काढू नका, पीएफ ट्रान्सफर करा, नोकरीत खंड पडणार असेल तर ईपीएसचा फॉर्म १०-सी भरताना पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तुमची वर्षं नोंदवून ठेवणारा दाखला, मागा. पैसे काढले की ती वर्षं हिशोबातून गेली.