मराठी पाट्यांसाठी २४ इंची कटिंग प्लॉटर: घ्यावं का?

पाट्यांचा छोटा धंदा सुरू करतेय म्हटल्यावर जो तो विचारायचा, "फ्लेक्सचं मशीन घेणार का?" नाही घेतलं. फ्लेक्स बाहेरून छापून मिळतं आणि त्यात एकमेकांचे भाव पाडायची इतकी चढाओढ आहे की नव्या माणसाने त्यात शिरू नये. मी घेतलं २४ इंची व्हायनिल कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकावर काढलेली अक्षरं चिकट प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यातून (तेच व्हायनिल) पात्याने कापणारं मशीन. चिनी बनावटीचं, स्टेपर मोटरचं, या जातीतलं सगळ्यात स्वस्त. जीएसटी धरून ३० हजारांच्या आत पडलं. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्यात मशीन, सुरुवातीचे रोल आणि ट्रान्स्फर टेप (कापलेली अक्षरं उचलून पाटीवर लावायची चिकटपट्टी) आरामात बसतं. जागा म्हणाल तर कळव्याला, खारेगावात तळमजल्याची एक खोली, आणि मदतीला भाचा. (उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते. त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला चहाही पाजू नका.)

नौपाड्यातल्या प्रेसमध्ये बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी, केल्यामुळे कोरल हे चित्रं-अक्षरं आखायचं सॉफ्टवेअर माझ्या हातातलं आहे. हे आधीच सांगते, कारण ज्याला कोरल येत नाही त्याला हे मशीन निम्मंच उपयोगाचं.

दुकानात डेमो म्हणून घोडा, फुलपाखरू आणि इंग्रजी अक्षरं कापून दाखवली. "बघा मॅडम, लोण्यासारखं कापतंय." मी म्हटलं, आता 'शुद्ध तुपातील मिठाई' कापा. त्याने सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ टाइप केलं. 'मि'ची वेलांटी म च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आणि 'द्ध'चा पाय मोडलेला द आणि सुटा ध झाला. "तो सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, मशीनचा नाही," म्हणाला. खरंच होतं त्याचं, म्हणून तर घेतलं. पण ठाण्यात बसून पाट्या करायच्या तर पैसे देण्याआधी असली एखादी ओळ कापून बघाच. घोड्याच्या पाट्या कोणी मागत नाही.

मराठीची खरी मेख वेगळीच आहे. पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. छापताना ते कळत नाही. प्लॉटरचं पातं मात्र प्रत्येक अक्षराची कड इमानदारीत कापतं, म्हणजे शिरोरेषेला प्रत्येक सांध्यावर चिरा. काना जोडला तिथे चीर, वेलांटी टेकली तिथे चीर. वीडिंग करताना, म्हणजे नको असलेलं व्हायनिल सोलताना, हे चिमुकले चौकोन सुटून येतात आणि अक्षराला दात पडल्यासारखे दिसतात. उपाय सोपा आहे: कोरलमध्ये मजकुराचे कर्व्ह करायचे (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या), सगळं निवडून वेल्ड करायचं, म्हणजे तुकडे जोडून एकच आकृती करायची, आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, एकदा बघून घ्यायचं. शिरोरेषेला छेदणारी एकही रेघ आत दिसायला नको. सोबत आलेल्या माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नाही.

यापुढचं मशीनवर अवलंबून आहे. ठ च्या पोटातला गोल नीट सुटतो का? सुरुवातीला सुटत नव्हता, रेघ जिथे सुरू झाली तिथे केसभर अंतर राहायचं. ऑफसेट (पात्याचं टोक मध्यापासून किती बाजूला आहे ते) ०.२५ वर आणून ओव्हरकट, म्हणजे सुरुवातीच्या बिंदूपुढे थोडं जास्त कापणं, वाढवल्यावर मिटलं. साध्या व्हायनिलला ४५ अंशांचं पातं, रेडियमसारख्या (उजेडात चमकणाऱ्या) जाड मालाला ६० अंशांचं. पात्याचा दाब माझ्या मशीनवर ८० ते ९० च्या आकड्यावर बसतो. व्हायनिल पूर्ण कापलं जावं आणि खालच्या कागदावर नुसता ओरखडा उठावा, इतकंच. अनुस्वार हा कायमचा वैताग. बारीक अक्षरांत तो सोललेल्या कचऱ्याबरोबर निघून जातो आणि दंतवैद्याचा दतवैद्य होतो. भाचा आता सोलायच्या आधी टिंबं मोजतो.

काम मिळतं का? मिळतं. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली. आजही कळवा नाका ते पारसिक नगर चालत गेलं तरी इंग्रजी पाटीच्या कोपऱ्यात चिकटवलेली केविलवाणी मराठी पट्टी दिसतेच. जुनी एसीपीची (अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या पत्र्याची) पाटी धड असेल तर नवी कशाला? वरची अक्षरं काढून मराठी व्हायनिल लावून देते. दुकानदाराचा खर्च वाचतो आणि माझ्याकडे दुसरं कामही येतं: काचेचे दरवाजे, टेम्पोवरची नावं, दवाखान्याच्या वेळा.

आता रडगाणं. लांब पट्टी कापायला लावली की मीटरभरानंतर माल तिरका सरकायला लागतो. मशीन स्वतः रोल ओढतं, त्या ओढीने बिघडतं. लागेल तेवढा माल आधीच हाताने उलगडून सैल सोडला तर बरं जमतं. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. खाडीच्या हवेत रोलमागचा कागद ओल धरतो, फुगतो आणि पातं मध्येच खोल जातं. त्यामुळे उघडे रोल मी प्लास्टिकच्या पिशवीत उभे ठेवते. मधेच वीज गेली तर सुरुवातीचा बिंदू विसरतं, यूपीएस लावून घ्या. आवाजही बराच आहे, रात्री दहानंतर मी चालवत नाही. वरच्या काकूंनी सांगून पाहिलंय.

अॅक्रेलिक, सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), एसीपी यातलं हे मशीन काहीही कापत नाही. कापेल असं वाटून घेणारे लोक मला भेटलेत. पाटीवर उठून दिसणारी जाड अक्षरं लागली तर मी फाइल घेऊन वागळे इस्टेटला जाते, तिथे लेझर आणि राउटरवर (जाड शीट कोरून कापणारं यंत्र) दुसऱ्यांचं काम करून मिळतं. तिथेही वेल्ड केलेलीच फाइल द्यायची, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे हातात येतात आणि पैसे अख्ख्या शीटचे जातात.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. फोन उचलतो, पण माणूस पाठवत नाही. व्हिडिओ कॉलवर "रोलरचा स्क्रू आवळा मॅडम" एवढ्यावर काम भागवतो.

पाचपैकी साडेतीन. छापील स्टिकर आकारात कापून द्यायचे असतील तर माझ्या मॉडेलवर जाऊ नका. त्याला खुणा वाचणारा सेन्सर नाही, हाताने जुळवत बसावं लागतं. थोडे जास्त टाकून सेन्सरवालं घ्या. आणि त्याच खरेदीत दोन-चार जादा पाती मागून घ्या, नंतर सुटी घेताना महाग पडतात.