जाणीवपूर्वक हालचाल आणि नाच: सहा महिन्यांच्या वापरानंतर काय टिकले, काय नाही

आधी निकाल सांगून टाकू, म्हणजे घाईत असलेल्यांना इथेच थांबता येईल. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी 35 ते 40 मिनिटे, असे सहा महिने केल्यावर तोल सुधारतो, सकाळी उठल्यावरचा कंबरेचा नि मानेचा ताठरपणा कमी होतो, झोप लवकर लागते आणि चिडचिड उतरते. वजन जवळजवळ जागचे हलत नाही. मोडलेले, फाटलेले, सुजलेले काही यातून बरे होत नाही. त्याला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच लागतात. आणि खरी मेख अशी की फायद्याचा मोठा वाटा नाचातून नाही, नाचाआधीच्या संथ वीस मिनिटांतून येतो. बहुतेक जण नेमकी तीच वीस मिनिटे गाळतात.

ही काही एकाच माणसाने बसवलेली पद्धत नाही. मोशे फेल्डेनक्राइस (1904-1984) हे भौतिकशास्त्राचे आणि ज्यूदोचे जाणकार. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यापायी त्यांनी जमिनीवर झोपून करायच्या बारीक, संथ हालचालींची पद्धत उभी केली. मॅरियन चेस मूळच्या नर्तकी. 1942 पासून त्या वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर नाचातून काम करू लागल्या, आणि 1966 साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली तेव्हा पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. मेरी स्टार्क्स व्हाइटहाउस यांनी 1950 च्या दशकात डोळे मिटून आतून येईल तसे हलायची वाट काढली, त्यात दुसरा माणूस नुसता पाहत बसतो. गॅब्रिएल रॉथ यांच्या पाच लयी, म्हणजे नाचाचे ठरलेल्या क्रमाचे पाच टप्पे, त्यानंतरच्या. इथला क्रम मुख्यतः फेल्डेनक्राइस आणि रॉथ यांच्याकडून उचललेला आहे. एकाच घराण्याला धरून असणाऱ्यांना ही भेसळ रुचणार नाही, पण घरी एकट्याने करणाऱ्याला ती झेपते. एवढे मात्र ध्यानात असू द्या की डान्स थेरपी म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर केलेले उपचार. घरी गाणे लावून केलेल्या नाचाला ते नाव देऊ नये.

लागणारे सामान नगण्य. दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा आणि दुहेरी घडी केलेली सतरंजी किंवा पातळ चटई. गादी नको. कुठला भाग टेकलाय आणि कुठला अधांतरी आहे हे जमिनीनेच सांगायचे असते, आणि मऊ गादीवर ती मुकी होते. वेळेची वाटणी अशी: 12 मिनिटे जमिनीवर, 8 मिनिटे उभ्याने वजन सरकवणे, 13 मिनिटे नाच, शेवटी 4 मिनिटे उताणे पडून राहणे.

जमिनीवरचा सगळ्यात कामाचा प्रकार म्हणजे ओटीपोटाचे घड्याळ. उताणे झोपा, गुडघे वर, तळवे जमिनीवर, दोन पायांत खुब्यांइतके अंतर. ओटीपोटावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असे धरा: 12 बेंबीच्या बाजूला, 6 माकडहाडाच्या बाजूला. 12 कडे कलले की कंबरेखालची पोकळी भरते, 6 कडे कलले की तिथे छोटी कमान होते. आधी 12 ते 6 असे आठ-दहा वेळा, मग अर्धा मिनिट नुसते पडून राहायचे. मग 3 ते 9 तितक्याच वेळा, पुन्हा विश्रांती, आणि शेवटी पूर्ण फेरी: चार सुलट, चार उलट.

नियम एकच, आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो: जितकी हालचाल जमते त्याच्या निम्मीच करायची. यामागे कारण आहे. हातात दहा किलोची पिशवी असताना तिच्यात कुणी लिंबू टाकले तर कळत नाही. रिकाम्या तळहातावर पान पडले तरी कळते. जोर जितका कमी तितका बारीक फरक जाणवतो, आणि फरक जाणवल्याशिवाय मेंदूला हालचाल सुधारायला धागाच मिळत नाही. फेरी हळू घेतली की लक्षात येते, ती गोल नसतेच. कुठेतरी, समजा 4 आणि 5 च्या मधे, ओटीपोट टुणकन उडी मारते. तिथे जोर लावू नका. त्या दोन आकड्यांमध्येच पाच-सहा वेळा इकडून तिकडे करा. पंधरवड्यात ती उडी बोथट होते आणि उठल्यावर चालताना त्या बाजूचा पाय सैल पडतो.

चुकते कुठे, तर पायांनी जमीन ढकलून कंबर उचलली जाते. नितंब जमिनीवरून उचलले जात असतील तर ते घड्याळ नाही, तो पूल झाला. जबडा आवळला जातो, श्वास कोंडला जातो. श्वास कोंडलाय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे फेरी संपल्यावर येणारा मोठा सुस्कारा. बरोबर चालले असेल तर हनुवटी आपोआप किंचित डुलते. हालचाल कण्यातून डोक्यापर्यंत पोचत असल्याची ती पावती.

उभ्याने वजन सरकवणे हे दिसायला काहीच नाही. तळव्याचे तीन टेकू ओळखायचे: टाच, अंगठ्याखालची गादी, करंगळीखालची गादी. चार सावकाश श्वासांत सगळे वजन उजव्या पायावर न्यायचे. डावी टाच उचलायची नाही, पण खालून कागद सरकेल इतकी हलकी होऊ द्यायची. मग परत. बऱ्याच जणांचे वजन सरकतच नाही, नुसता खुबा बाहेर लटकतो आणि खांदा उलट बाजूला कलतो. भिंतीपासून वीतभर अंतरावर पाठमोरे उभे राहून केले तर हे लगेच पकडता येते, कारण दोन्ही खांदे भिंतीपासून सारख्याच अंतरावर राहायला हवेत. अंगठा जमिनीला नखासारखा रुतत असेल तर वजन फार पुढे गेले आहे. तोल सांभाळायला शरीर डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतली संवेदना या तिघांवर विसंबते. म्हणून शेवटची दोन मिनिटे डोळे मिटून करायची, म्हणजे पहिला साक्षीदार रजेवर जातो आणि उरलेल्या दोघांना काम करावे लागते. हात भिंतीपाशी हवाच.

आता नाच. रॉथ यांच्या क्रमात पाच टप्पे आहेत: वाहता, तुटक, मोकाट, हलका आणि स्थिर. इथे पहिल्या दोघांना तीन-तीन मिनिटे, मोकाटला दोन, हलक्याला तीन, स्थिरला दोन. वाहत्यासाठी मिनिटाला 70 ते 90 ठोक्यांचे संगीत पुरते, तुटकसाठी 100 ते 120, मोकाटसाठी 130 च्या वर. शब्द नसलेले संगीत बरे. शब्द आले की हात शब्दांचा अभिनय करू लागतात आणि लक्ष अंगातून निघून गाण्यात जाते. आरसा झाकून ठेवा. आरशासमोर माणूस कसा दिसतोय ते पाहतो, कसे वाटतेय ते विसरतो.

घरी नाचताना नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे फक्त हात नाचतात. कंबरेखाली सगळे थिजलेले. उपाय सोपा आहे: प्रत्येक टप्प्याचे पहिले मिनिट हात कंबरेवर ठेवा. मग गुडघे आणि खुबे यांना काही तरी करावेच लागते. मोकाट टप्प्यात मान सैल सोडायची, पण मागे फेकायची नाही. डोके खाली लोंबते ठेवून बाजूंना झुलू द्या. गुडघे कधीच कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत.

गिरक्यांचा मोह आवरावा. आतल्या कानातले द्रव गिरकी थांबल्यावरही काही सेकंद फिरत राहते, म्हणून खोली फिरल्यासारखी वाटते. एका दिशेला तीन, मग उलट दिशेला तीन, पुरे. थांबल्यावर समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूवर नजर रोवायची.

पायांत काय घालावे यावर वाद घालणारे बरेच असतात. रबरी तळ जमिनीला चिकटतो. पाय अडकला आणि अंग वळले की जी पिळ खुब्याने घ्यायची ती गुडघ्यावर येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर आधी चप्पल-बूट तपासा. मोजे गुळगुळीत फरशीवर घसरतात. अनवाणी सगळ्यात चांगले, पण कडक फरशीवर पहिल्याच आठवड्यात उड्या मारल्या तर सकाळी पहिल्या पावलाला टाच ठणकते. पहिला महिना उड्या नकोतच.

महिन्यागणिक काय घडते? पहिल्या पंधरवड्यात पोटऱ्या आणि मांड्या दुखतात. ही दुखणी 24 ते 72 तासांत जोर धरून ओसरतात. सांध्यात टोचणारे किंवा आठवड्यानंतरही टिकणारे दुखणे वेगळे, तिथे थांबायचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो, आणि बहुतेकांचे इथेच सुटते. घड्याळाची बाजू बदला, एखादा दिवस नुसते जमिनीवरचेच करा, पण दिवस मोडू नका. सहाव्या आठवड्याच्या आसपास झोपेतला फरक दिसतो, तोही नाच झोपेच्या निदान दोन तास आधी संपला असेल तर. रात्री उशिरा मोकाट टप्पा केला की डोळे टक्क उघडे राहतात. तोलातला खरा फरक तिसऱ्या महिन्यात कळतो: पायजमा उभ्याने घालता येतो, अंधारात जिना उतरताना कठडा शोधावा लागत नाही.

वजन का हलत नाही याचा हिशेब साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही इतकी धाप. इथे तशी मिनिटे 13 गुणिले 4, म्हणजे फार तर 52. उरलेल्यासाठी भरभर चालणे वेगळे ठेवावेच लागते.

पुराव्यांबद्दल बोलताना जरा हात राखून बोलावे. 2003 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 75 वर्षांवरच्या 469 जणांचा सुमारे पाच वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास आला. शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. पण नाचामुळे स्मृती टिकली, की स्मृती शाबूत होती म्हणून माणसे नाचत राहिली, हे असा अभ्यास सांगू शकत नाही. 2024 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नैराश्यावरच्या व्यायामाच्या 218 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात नाचाचा परिणाम ठळक दिसला, मात्र नाचाच्या चाचण्या मोजक्या आणि लहान होत्या. पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001 पासून मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेचे वर्ग चालतात. तिथला तर्क पटण्याजोगा आहे: पाऊल उचलायचा आतला इशारा क्षीण झाला की बाहेरचा ठेका तो इशारा देतो. पण तेवढ्यावरून गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे सांगायला नको.

एक बाजू फारशी बोलली जात नाही. डोळे मिटून हळू हलताना काहींना अचानक रडू येते, काहींना भीती दाटून येते. रडू येऊन मोकळे वाटले तर हरकत नाही. भीती असेल तर डोळे उघडा, तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या. पुन्हा पुन्हा होत असेल तर मिटल्या डोळ्यांचा भाग बंद ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ‘शरीर साठलेले बाहेर टाकतेय’ म्हणत रेटणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नका.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, वारंवार चक्कर यांत आधी डॉक्टरांना विचारणे आले. हाडे ठिसूळ असतील तर मोकाट टप्प्यातले पुढे वाकणे आणि पिळणे पूर्ण वगळा. छातीत दुखले, एक पाय बधिर झाला की त्याच क्षणी थांबायचे.

वेळ दहाच मिनिटे असेल त्या दिवशी नाच सोडा आणि घड्याळ नि वजन सरकवणे ठेवा. उलटे करू नका. प्रगती मोजायची तर महिन्याच्या पहिल्या तारखेला, भिंतीजवळ, डोळे उघडे ठेवून एकेका पायावर किती सेकंद उभे राहता येते ते लिहून ठेवा, 30 सेकंदांपर्यंत. तीन प्रयत्नांतला चांगला आकडा धरा. एकूण सेकंद वाढण्यापेक्षा डाव्या-उजव्यातले अंतर कमी होतेय का, हे आधी पाहा.