वाचून दाखवायचं की मुलाला वाचू द्यायचं?

मूल नुकतंच वाचायला लागलंय आणि दिवसाकाठी त्यासाठी मिळतात जेमतेम वीस मिनिटं. ती कशात घालवायची? आपण वाचून दाखवायचं, पुस्तक मुलाच्या हातात देऊन त्याला वाचू द्यायचं, की सरळ शब्दकार्डं काढायची? तिन्ही प्रकार मी भरपूर केलेत, आणि सुरुवातीची बरीच वीस मिनिटं चुकीच्या जागी खर्च केलीत.

ठरवण्याआधी एक चाचणी करा. आठ-दहा ओळींचा नवा उतारा मुलाला वाचायला द्या आणि काय काय झालं ते विचारा. दुसऱ्या दिवशी साधारण तितकाच अवघड उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तसंच विचारा. ऐकलेलं कळतंय पण वाचलेलं कळत नाही, तर घोडं अक्षरांपाशी अडलंय. दोन्ही वेळा गाडी रुतली, तर शब्द कमी पडताहेत किंवा विषयच अनोळखी आहे. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हेच एका सूत्रात मांडलं: वाचनाचं आकलन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. मुद्दा त्या ‘गुणिले’मध्ये आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच.

अडचण अक्षरांची असेल तर मुलालाच वाचू द्या, दुसरा इलाज नाही. ‘वि... द्या... र्थी’ असं लावत लावत शेवटाला पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते, मग अर्थ लागणार कसा? जोडाक्षरं आणि रफार सहज ओळखू येईपर्यंत हातानं गिरवावं तसं डोळ्यांनी गिरवावं लागतं. यासाठी पुस्तक सोपं हवं, अगदी आपल्याला कंटाळा येईल इतकं. आणि तीच या पद्धतीची मर्यादा आहे. अशा पुस्तकातले जवळपास सगळे शब्द मुलाला आधीच माहीत असतात, त्यामुळे शब्दसंग्रह फारसा हलत नाही.

अवघड पुस्तक दिलं तर? एका मुलानं माझ्यासमोर ‘ससा हिरमुसला आणि बिळात जाऊन बसला’ हे वाक्य न अडखळता वाचलं. ‘हिरमुसला म्हणजे काय रे?’ म्हटलं. ‘हसला,’ तो ठामपणे म्हणाला. कान सुखावणारं वाचन ऐकून आपण फसतो ते असं. अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भानं आपोआप कळेल, हा भरवसाही जरा जास्तच असतो. १९८७च्या एका अमेरिकी अभ्यासात, जरा मोठ्या शाळकरी मुलांनी स्वतः वाचताना एकदा भेटलेल्या नव्या शब्दाचा अर्थ पकडण्याची शक्यता सुमारे वीसात एक निघाली.

म्हणून शब्दांसाठी माझा कौल वाचून दाखवण्याला. मुलांसाठीच्या पुस्तकांत सुशिक्षित मोठ्यांच्या गप्पांपेक्षा विरळा शब्द जास्त सापडतात. १९८८च्या एका मोजणीत ते दीडपटीहून अधिक भरले. शिवाय आपण वाचतो तेव्हा मुलाची सगळी शक्ती अर्थाकडे लागते. पण नुसतं वाचत सुटणं पुरेसं नाही, थांबावं लागतं. त्याच मुलाला नंतर मी तो ससा वाचून दाखवला. चित्रातले खाली पडलेले कान दाखवून म्हटलं, ‘खूप आशा लावावी आणि मग ते होऊच नये, तेव्हा असं होतं. तू कधी हिरमुसला होतास?’ तो थोडा गप्प बसला. मग म्हणाला, ‘पावसानं मॅच रद्द झाली तेव्हा.’ त्या दिवशी शब्द त्याचा झाला. पुढच्या आठवड्यात तो वापरला तोही माझ्यावरच.

थांबायचं मात्र दोन-तीन शब्दांपाशीच, नाहीतर गोष्टीचा विचका होतो. ‘चकित’, ‘कबूल’, ‘सावध’ असे कुठल्याही गोष्टीत पुन्हा भेटणारे शब्द निवडा. ‘सुकाणू’ अडला तर एका वाक्यात सांगून पुढे चला. प्रश्नही हो-नाहीत संपणारे नकोत. ‘तिनं दार का उघडलं नसेल?’ असे हवेत.

शब्दकार्डांबद्दल थोडक्यात: उजळणीला ठीक. गोष्टीत भेटलेला शब्द कार्डावर आला तर मूल त्याला ओळख देतं. कार्डावरच पहिल्यांदा भेटलेला शब्द मात्र पाठ होतो आणि तिथंच राहतो, बोलण्यात येत नाही.

वीस मिनिटांची वाटणी चाचणीवरून करा. अक्षरांशी झटापट चालू असेल तर बारा मिनिटं मुलानं वाचायचं, आठ मिनिटं तुम्ही. वाचन सुरळीत पण अर्थाची बोंब असेल तर उलट. मात्र तुमची आठ मिनिटं शून्यावर आणू नका. ती खाऊन अक्षरांचाच सराव वाढवणं ही मी केलेली चूक. मूल वाचायला लागलं, पण वाचलेल्याबद्दल त्याला बोलण्यासारखं काही सापडेना. दर दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्या, कारण अडलेली जागा बदलत राहते.